मोठे इंजेक्टर बसवल्यावर ईसीयूत आधी काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक, वर छोटा टर्बो, अर्धा बार बूस्ट (टर्बोचा जादा दाब). मूळचे २४० सीसीचे इंजेक्टर काढून ४५० सीसीचे बसवले, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) मेगास्क्विर्ट, म्हणजे स्वतः ट्यून करता येणारा. पूर्ण थ्रॉटलला गाडी मस्त ओढते, लॅम्बडा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा: १.० म्हणजे आदर्श, खाली गेला की मिश्रण जाड, वर गेला की पातळ) जागेवर आहे. पण आयडलिंगला आरपीएमचा काटा सातशे ते अकराशेच्या मध्ये झुलत राहतो, रेडिएटरचा पंखा आणि हेडलाइट एकदम लागले की गाडी बंद पडते, सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो आणि प्लग काळेकुट्ट निघतात. ट्यूनरने आयडलच्या जागी व्हीई टेबलातला (इंजिन किती टक्के हवा भरून घेतं त्याच्या तक्त्यातला) आकडा ४५ वरून ३२ वर आणला, थोडे दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. इंजेक्टर खराब लागले का, असं तुम्ही विचारलंय. सोबत ट्यून फाइल आणि लॉगही पाठवलाय.

दोन्ही पाहिले. इंजेक्टर खराब असल्याचं त्यात काही दिसत नाही. ईसीयूला त्या इंजेक्टरबद्दल चुकीची माहिती दिलेली आहे, आणि ती चूक लपवायला व्हीई टेबल वाकवलंय. मोठ्या इंजेक्टरचा त्रास नेहमी खालच्या टोकाला निघतो, वरच्या टोकाला फार क्वचित. वर का नाही आणि खाली का, हे एकदा आकड्यांत पाहिलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

तुमचं इंजिन १४९३ सीसीचं, म्हणजे एका सिलेंडरला ३७३ सीसी हवा. हवेची घनता लिटरला साधारण १.२ ग्रॅम धरली तर ही हवा भरते ०.४५ ग्रॅम. हवा-पेट्रोलच्या आदर्श प्रमाणाने, १४.७ ने, भागलं की पेट्रोल लागतं ०.०३ ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.०४१ सीसी. मिनिटाला २४० सीसी देणारा इंजेक्टर एका मिलिसेकंदात ०.००४ सीसी सोडतो, म्हणून तो सव्वादहाच्या आसपास मिलिसेकंद उघडा ठेवावा लागतो. ४५० चा तेवढंच पेट्रोल साडेपाच मिलिसेकंदात देतो. मेगास्क्विर्टच्या ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरातला ‘रिक्वायर्ड फ्युएल’ म्हणजे नेमका हाच आकडा. तुमच्या फाइलीत तो ५.५ आहे, तेव्हा ही पायरी तुमच्या ट्यूनरने बरोबर केली आहे.

आता पूर्ण जोरात बघू. ६५०० आरपीएमला चार स्ट्रोकचं एक चक्र १८.५ मिलिसेकंदांत संपतं. मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) १५० केपीए (किलोपास्कल) दाब, व्हीई ९५ आणि बूस्टमधलं जादा पेट्रोल धरून ४५० चा इंजेक्टर साधारण पावणेअकरा मिलिसेकंद उघडा राहतो. म्हणजे ड्युटी, चक्रातला उघडा राहण्याचा वाटा, साठ टक्क्यांच्या आत. मूळचा २४० चा असता तर एकोणीस मिलिसेकंद लागले असते, आणि चक्रच साडेअठराचं आहे. म्हणून इंजेक्टर बदलण्याचा तुमचा निर्णय योग्यच होता. ४५० हा आकारही योग्य. पुढेमागे लागतील म्हणून हजार सीसीचे बसवणारे भेटतात. त्यांना माझं सांगणं असतं की ऐंशी-पंच्याऐंशी टक्के ड्युटीत भागेल एवढाच इंजेक्टर घ्या, उगाच मोठा घेतलात तर त्याची किंमत रोज प्रत्येक सिग्नलवर मोजाल.

आयडलला काय होतं? मॅनिफोल्डमध्ये ३५ केपीए आणि व्हीई ४५ धरला तर जुना इंजेक्टर १.६ मिलिसेकंद पेट्रोल सोडत होता. नवा सोडतो फक्त ०.८७. यात इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ धरलेला नाही. करंट मिळाल्यापासून आतली सुई उचलेपर्यंत जो वेळ जातो त्याला आपण डेडटाइम म्हणतो. चौदा व्होल्टच्या आसपास तो एक मिलिसेकंदाच्या आगेमागे असतो. हा वेळ वाया जाणारा आहे, त्यात पेट्रोल येत नाही, म्हणून ईसीयू तो प्रत्येक फवाऱ्याला वरून जोडतो.

तुमच्या फाइलीत डेडटाइम १.० मिलिसेकंद लिहिलाय. तो बहुधा आधीपासून तिथे होता, कुणी मोजलेला नाही. तुमच्या इंजेक्टरचा खरा डेडटाइम ०.७५ असेल, तर दर फवाऱ्याला पाव मिलिसेकंद जादा पेट्रोल जातंय. पूर्ण थ्रॉटलला दहा मिलिसेकंदांत हा पाव म्हणजे अडीच टक्के, लॅम्बडावर तो दिसतही नाही. आयडलला ०.८७ मध्ये तोच पाव म्हणजे जवळजवळ तीस टक्के. प्लग काळे होणार नाहीत तर काय! ट्यूनरने मग व्हीई ४५ चा ३२ केला, म्हणजे हिशेबातून पाव मिलिसेकंद काढून टाकलं आणि काटा जागेवर आला. गंमत अशी की उलटा हिशेब केला तर ४५ चा बरोबर ३२ च येतो. म्हणून ०.७५ हा अंदाज मी एवढ्या भरवशाने सांगतोय.

पण व्हीई म्हणजे इंजिन किती हवा भरून घेतं ते. इंजेक्टर बदलल्याने इंजिनचं श्वास घेणं बदलत नाही. म्हणून आयडलभोवती खड्डा आणि शेजारच्या घरांत पन्नास-बावन्न, असं टेबल दिसलं की समजायचं, चूक दुसरीकडे आहे. एसी लागून मॅनिफोल्डचा दाब जरा वर सरकला की गाडी त्या खड्ड्याच्या कडेवर चढते, पेट्रोल एकदम वाढतं, आरपीएम उसळतो, दाब पडतो, पुन्हा खड्ड्यात. तुमच्या काट्याचं झुलणं लॉगमध्ये असंच दिसतंय.

पंखा लागल्यावर बंद पडण्याचं कारणही डेडटाइममध्येच आहे. व्होल्टेज पडलं की सुई उचलायला जास्त वेळ लागतो. तुमच्या लॉगमध्ये पंखा आणि हेडलाइट लागताच बॅटरी १४.१ वरून १२.७ वर येते, म्हणजे १.४ व्होल्टची घट. फाइलीत व्होल्टला ०.१ मिलिसेकंद एवढी भरपाई आहे. खरी गरज ०.२ च्या आसपास असेल तर ईसीयू जोडतो ०.१४ आणि लागतात ०.२८. राहिलेले ०.१४ म्हणजे आयडलच्या पेट्रोलातले सोळा टक्के गायब. अल्टरनेटरचा भार वाढलेला, त्यात मिश्रण एकदम पातळ. इंजिन बंद पडणारच.

आता काम कोणत्या क्रमाने करायचं ते सांगतो. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

सगळ्यात आधी प्लग नवे लावा. काळ्या प्लगवर ट्यूनिंग करायचं नाही. मिसिंग झालं की न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरमध्ये येतो आणि वाइडबँड (सायलेन्सरच्या पाइपातला, लॅम्बडा मोजणारा सेन्सर) ‘पातळ’ दाखवतो, प्रत्यक्षात इंजिन पेट्रोलात बुडत असलं तरी. मग माणूस आणखी पेट्रोल घालतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला कुठे गळती असेल तरी हेच होतं. टर्बोचं काम झालेल्या गाडीत गॅस्केट एकदा तपासाच.

मग इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर चढवा. इंजेक्टर क्लीनिंगची मशीन आता जवळपास प्रत्येक शहरात आहे, पण लोक ती नुसती सफाईला वापरतात. तुम्ही ती मोजायला वापरा. पहिल्यांदा मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघा. बारा ते सोळा ओहम आला तर थेट चालतील. दोन-तीन ओहम आला तर तो लो इम्पिडन्स, त्याला पीक अँड होल्ड ड्रायव्हर (आधी जोराचा, मग कमी करंट देणारं सर्किट) किंवा रेझिस्टर लागतोच, नाहीतर ईसीयूचा ड्रायव्हर जळतो. मग चारही एक मिनिट सलग उघडे ठेवून ग्लासात किती येतं ते वाचा. मशीनचा दाब तुमच्या रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीच्या) दाबाएवढा हवा. नसेल तर दाबांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घेऊन गुणा. ४५० हा आकडा तीन बारचा असेल तर चार बारला तोच इंजेक्टर ५२० देतो.

ही पायरी मी आग्रहाने का सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका गाडीसाठी स्वस्तातला सेट आला होता, चौघांवर ५५० छापलेलं. गडबड होती, मी छापील आकड्यावर विश्वास ठेवला. डायनोवर (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर) वाइडबँड ०.८० दाखवत होता, म्हणजे सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी तीन नंबरचा पिस्टन वितळला. नंतर बेंचवर लावले तेव्हा तीन इंजेक्टर सारखे निघाले आणि उरलेला, त्याच तीन नंबरच्या सिलेंडरचा, सुमारे पंधरा टक्के कमी. वाइडबँड चारही सिलेंडरचं मिळून एकत्र सांगतो. तीन जरा जाड आणि एक धोक्याइतका पातळ, याची सरासरी त्याच्या काट्यावर सुरेख दिसते. तो पिस्टन अजून माझ्या टेबलावर आहे, वरच्या कडेला करंगळीचं टोक जाईल एवढी खाच पडलेली. तेव्हापासून बेंचवर न मोजलेला इंजेक्टर मी कुठल्याच गाडीत घालत नाही. चौघांत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक नको.

त्याच बेंचवर डेडटाइमही काढता येतो. पुरवठा १४ व्होल्टचा ठेवा. तीन मिलिसेकंदांचे हजार फवारे मारा, किती आलं लिहा. मग सहा मिलिसेकंदांचे हजार. समजा पहिल्यात १५ सीसी आणि दुसऱ्यात ३७.५ सीसी आलं. तीन मिलिसेकंद वाढवल्यावर साडेबावीस सीसी वाढलं, म्हणजे मिलिसेकंदाला साडेसात. मग पहिले १५ सीसी म्हणजे दोनच मिलिसेकंदांचं पेट्रोल. तीनमधला एक गेला उघडण्यात. डेडटाइम १.० झाला. हेच बारा आणि दहा व्होल्टला पुन्हा करा, व्होल्टेजची भरपाई आपोआप हातात येते. एक काळजी घ्या: हे टेस्टिंगच्या द्रवावर करायचं, बंद खोलीत उघड्या पेट्रोलवर नाही. आणि मशीन जुनी असली तर तिचे मिलिसेकंद खरेच तेवढे आहेत का, ते ऑसिलोस्कोप लावून एकदा बघून घ्या.

बेंचवर व्होल्टेज बदलता येत नसेल तर गाडीवर करा. इंजिन पूर्ण गरम, लॅम्बडाची आपोआप दुरुस्ती बंद, आयडल व्हॉल्व्ह एका जागी स्थिर. लॅम्बडा वाचा. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, जे असेल ते लावा. व्होल्टेज पडल्यावर लॅम्बडा पातळ झाला तर भरपाई वाढवा, जाड झाला तर कमी करा. एवढ्याने व्होल्टेज पुरेसं पडत नसेल तर अल्टरनेटरचा छोटा कनेक्टर दोन मिनिटं काढून ठेवा, बॅटरी हळूहळू खाली येते. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल मात्र कधीही काढू नका, तेवढ्यात ईसीयू जातो.

मूळ डेडटाइम पडताळायची आणखी एक जुनी युक्ती मेगास्क्विर्टवाल्यांना ठाऊक असते. तुमच्या फाइलीत ‘दोन स्क्वर्ट, आल्टरनेटिंग’ आहे, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर चक्रात एकदा उघडतो. रोलरवर किंवा मोकळ्या चढावर तीन हजार आरपीएमला, सत्तर केपीएच्या आसपास स्थिर धरून लॅम्बडा लिहून घ्या. मग ‘सायमल्टेनियस’ करा, चावी बंद करून पुन्हा चालू करा आणि त्याच जागी पुन्हा वाचा. आता तेवढंच पेट्रोल दोन हप्त्यांत जातंय, म्हणजे डेडटाइमची चूकही दुप्पट. मिश्रण जाड झालं तर लिहिलेला डेडटाइम खऱ्यापेक्षा जास्त आहे, पातळ झालं तर कमी. दोन्हीकडे लॅम्बडा सारखा येईपर्यंत आकडा हलवा. हे आयडलला करू नका. तिथे अर्धे झालेले फवारे इतके छोटे होतात की इंजेक्टर सरळ रेषेत वागतच नाही आणि आकडा फसवतो. काम झालं की पुन्हा आल्टरनेटिंगवर आणायला विसरू नका.

डेडटाइम आणि भरपाई बसली की मग व्हीईचा खड्डा बुजवा. शेजारच्या घरांच्या ओघात बसेल असा आकडा, चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या आसपास, घाला आणि तिथून बारीक सुधारणा करा. मोठ्या इंजेक्टरवर आयडलला लॅम्बडा ०.९५ ठेवला तर इंजिन जास्त शांत चालतं, १.० साठी हट्ट धरू नका. आयडलला इग्निशन अॅडव्हान्सही आजूबाजूच्या घरांत सपाट ठेवा, नाहीतर पेट्रोल नीट झाल्यावरही काटा टायमिंगमुळे झुलत राहील.

सकाळच्या त्रासाचं कारण वेगळं आहे. तुमच्या फाइलीत क्रँकिंगचं पेट्रोल मिलिसेकंदांत आहे आणि ते जुन्या २४० च्या वेळचं तसंच राहिलंय. म्हणजे सेल्फ मारताना पावणेदोनपटीहून जास्त पेट्रोल जातंय, प्लग भिजतायत. तिथले आकडे ०.५३ ने गुणा आणि तिथून सुरुवात करा. थ्रॉटल उघडतानाचं जादा पेट्रोल तुमच्या फाइलीत मिलिसेकंदांतच आहे, त्यालाही तोच गुणाकार. गाडी गरम होईपर्यंतची वाढ टक्क्यांत आहे, ती आपोआप बदलली, तिला हात लावू नका. दुसऱ्या कुणाच्या ईसीयूत क्रँकिंगही टक्क्यांत असू शकतं, तेव्हा गुणण्याआधी एकक बघा. थंड इंजिनवर दिवसातून एकच खरी संधी मिळते. सकाळी एकदाच प्रयत्न करायचा, लॉग घ्यायचा, बदल करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. याला आठवडा जातो, जाऊ द्या.

रेग्युलेटरबद्दल (पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या भागाबद्दल) तुम्ही काही लिहिलं नाही, पण बघून घ्या. त्याची व्हॅक्यूम नळी मॅनिफोल्डला जोडलेली असेल तर इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंतला दाबाचा फरक कायम तीन बार राहतो आणि वरचा सगळा हिशेब लागू पडतो. टर्बोचं काम करताना कुणी ती नळी नुसती हवेवर सोडली असेल तर आयडलला फरक ३.६५ बार होतो आणि अर्ध्या बार बूस्टला अडीच. म्हणजे तोच इंजेक्टर आयडलला दहा टक्के जास्त आणि बूस्टमध्ये नऊ टक्के कमी देतो. ज्या नव्या गाड्यांत रिटर्न लाइनच नसते तिथे हे असंच असतं आणि ईसीयूत त्याची वेगळी दुरुस्ती करावी लागते. तुमच्या गाडीत नळी जोडणं हाच सोपा मार्ग.

पेट्रोलबद्दलही दोन शब्द. पंपावर आता ई-२० मिळतं. शुद्ध पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७, ई-२० चं साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल लागतं. म्हणून लक्ष्य टेबल एएफआरमध्ये (हवा-पेट्रोलच्या थेट गुणोत्तरात) न ठेवता लॅम्बडात ठेवा. वाइडबँड मुळात लॅम्बडाच मोजतो, १४.७ ने गुणून दाखवण्याचं काम मीटर करतो. ‘११.८ हवं’ असं म्हणण्यापेक्षा ‘०.८० हवं’ म्हटलं की टाकीत काहीही असलं तरी अर्थ बदलत नाही. आणि पुण्यात ट्यून केलेली गाडी मुंबईला उतरली की हवेचा दाब ९५ वरून १०१ केपीएवर जातो, तेव्हा बॅरोमीटरची दुरुस्ती चालू आहे ना तेही पाहा.

हे वाचणाऱ्यांत काही जणांची गाडी मूळ ईसीयूवरच असेल आणि मध्ये पिगीबॅक (ईसीयूच्या सिग्नलमध्ये फेरफार करणारी जोडपेटी) लावून मोठे इंजेक्टर चालवायचा विचार असेल. त्यांच्यासाठी एवढं सांगतो, आणि हे कळकळीने सांगतो. मूळ ईसीयूची आपोआप दुरुस्ती साधारण पंचवीस टक्क्यांच्या आसपास हात टेकते आणि ‘मिश्रण फार जाड’ म्हणून पी ०१७२ कोड टाकते. २४० वरून ४५० ला जाताना सत्तेचाळीस टक्के कमी करावं लागतं, ते तिच्याने होणार नाही. म्हणून काही जण मॅप सेन्सरचा (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नलच खोटा कमी करून पाठवतात. ईसीयूला वाटतं इंजिनवर भार कमी आहे, ती पेट्रोल कमी करते आणि सोबत इग्निशनचं टायमिंग पुढे नेते. बूस्टमध्ये टायमिंग पुढे म्हणजे नॉकिंग, मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट. पेट्रोलचा काटा छान दिसत असताना इंजिन फुटतं ते असंच. फवाऱ्याची लांबीच कमी करणारा पिगीबॅक वेगळा, तो चालतो. सिग्नल खोटा करणारा कधीही लावू नका.

अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला उतरायचंय असं तुम्ही लिहिलंय. तिथे जाण्याआधी बूस्टमधला ०.८० पुन्हा तपासा, कारण डेडटाइम कमी केल्यावर वरच्या टोकालाही दोन-अडीच टक्के पेट्रोल कमी होणार आहे. तेवढं वरच्या घरांच्या व्हीईत भरून घ्या. आणि ही गाडी रोज रस्त्यावर चालवणार असाल तर मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ वाचा, फेरफाराची जबाबदारी मालकावर येते.

बेंचचे आकडे आले की चारही इंजेक्टरची मापं, तीन व्होल्टेजचे डेडटाइम आणि थंड इंजिनवरचा एक लॉग पाठवा. लॉगमध्ये बॅटरी व्होल्टेज आणि फवाऱ्याची लांबी हे दोन्ही चॅनेल चालू ठेवा. मागच्या वेळी फवाऱ्याची लांबी नव्हती, ती मला हिशेब करून काढावी लागली.